खिशातील संवेदक आणि श्रमाची ओळख

पेण शहर मागे टाकून मुंबई-गोवा महामार्ग दक्षिणेकडे जाऊ लागला, की थोड्याच अंतरावर वडखळ लागते. अलिबागकडे जाणारा रस्ता येथेच महामार्गापासून फुटतो. साहजिकच वडखळ नाक्यावर दिवसभर वर्दळ असते. एस.टी.च्या गाड्या, मालमोटारी, दुचाक्या, रिक्षा यांच्या बरोबरीने पायी चालणारी माणसेही येथे मोठ्या संख्येने दिसतात. जवळच डोलवीचा पोलाद कारखाना आहे, पलीकडे धरमतरची खाडी आहे आणि सभोवार खारजमिनीतील भातशेती पसरलेली आहे. कारखान्याच्या पाळीवर निघालेला कामगार, शेताकडे निघालेली शेतकरी स्त्री, पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामासाठी जाणारा कारागीर आणि अलिबागच्या महाविद्यालयात जाणारी विद्यार्थिनी हे सारे एकाच नाक्यावर एकाच वेळी आढळू शकतात.

यांपैकी बहुतेकांजवळ मोबाइल फोन असतो. हा फोन बोलण्यासाठी व निरोप पाठविण्यासाठी वापरला जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो खिशात निपचित पडलेला असतानाही आपल्या धन्याच्या हालचालींची नोंद घेत असतो, याची जाणीव थोड्यांनाच असते. माणूस चालतो आहे की बसला आहे, जिना चढतो आहे की वाहनातून प्रवास करतो आहे, हे फोनमधील संवेदकांच्या नोंदींवरून ओळखण्याचे एक शास्त्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत विकसित झाले आहे. हे शास्त्र कसे चालते, ते कोठे चुकते आणि वडखळसारख्या ठिकाणच्या कष्टकरी माणसाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संवेदक म्हणजे काय?

एस.टी.च्या गाडीत दांडीला धरून उभ्या असलेल्या प्रवाशाचा अनुभव येथे उपयोगी पडतो. चालकाने एकदम ब्रेक लावला की प्रवासी पुढे झुकतो, गाडी झटक्यात सुरू झाली की मागे रेलतो आणि वळणावर बाजूला कलतो. डोळे मिटून उभा असलेला प्रवासीदेखील आपल्या शरीराच्या झुकण्यावरून गाडी काय करीत आहे हे सांगू शकेल. मोबाइलमधील त्वरणमापक नेमके हेच करतो. सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म चकतीवर एक लहानसा भार लवचीक पट्ट्यांच्या आधाराने अधांतरी धरलेला असतो. फोन हलला की हा भार किंचित मागे-पुढे सरकतो. त्यामुळे त्याच्या शेजारील सूक्ष्म पट्ट्यांमधील अंतर बदलते व त्याबरोबर त्यांची विद्युतधारिता बदलते. या बदलावरून त्वरण किती व कोणत्या दिशेने झाले, याचा आकडा मिळतो. उभी, आडवी आणि समोरची अशा तीन दिशांनी हे मोजमाप होते.

टेबलावर ठेवलेला फोन पूर्ण स्थिर असला तरी त्याचा त्वरणमापक शून्य दाखवीत नाही. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध टेबलाने दिलेला आधार त्यास जाणवत असतो व तो सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा आकडा दाखवितो. हा आकडा तीन दिशांत कसा विभागला गेला आहे त्यावरून फोन उभा आहे, आडवा आहे की तिरपा, हे कळते. फोन हातातून निसटून खाली पडू लागला, तर पडण्याच्या त्या क्षणापुरता आकडा शून्याजवळ येतो.

त्वरणमापकाच्या जोडीला आज अनेक फोनमध्ये जायरोस्कोप असतो. फोन कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने फिरला, हे तो सांगतो. चुंबकत्वमापक दिशा दाखवितो. काही फोनमध्ये वायुभारमापकही बसविलेला असतो. समुद्रसपाटीजवळ सुमारे ८ ते ९ मीटर वर चढल्यास हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने कमी होतो. त्यामुळे माणूस सपाटीवर चालत आहे की जिना चढत आहे, हे ठरविण्यास त्याचे साहाय्य होते. हे संवेदक मुळात निराळ्याच कामासाठी फोनमध्ये आले. फोन आडवा केला की पडद्यावरील चित्रही आडवे व्हावे, हा त्वरणमापकाचा सुरुवातीचा एक साधा उपयोग होता. शरीराच्या हालचाली ओळखण्यासाठी त्याचा वापर करण्याची कल्पना पुढे व्यापक प्रमाणावर रुजली.

आकड्यांतून कृतीकडे

संवेदकाला ‘चालणे’ अथवा ‘बसणे’ ठाऊक नसते. त्याच्याकडून मिळते ती आकड्यांची अखंड रांग. या रांगेतून कृतीचे नाव काढावयाचे असेल तर तीन पायऱ्या ओलांडाव्या लागतात.

पहिली पायरी म्हणजे रांगेचे तुकडे पाडणे. उदाहरणादाखल, सेकंदाला ५० वेळा नोंद घेतली आणि २.५६ सेकंदांचा एक तुकडा धरला, तर एका तुकड्यात प्रत्येक दिशेच्या १२८ नोंदी येतात. त्वरणमापकाच्या तीन व जायरोस्कोपच्या तीन अशा सहा दिशा धरल्यास एका तुकड्यात ७६८ आकडे होतात. सामान्य चालीने चालणारा माणूस सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो. म्हणजे अशा एका तुकड्यात चार-पाच पावले सामावतात. कृती ओळखण्यास एवढा अवधी पुरेसा ठरतो.

दुसरी पायरी म्हणजे त्या तुकड्याची लक्षणे काढणे. आकड्यांची सरासरी किती, ते सरासरीपासून किती दूर पसरले आहेत, चढउतार किती नियमित आहे आणि एका सेकंदात किती वेळा होतो, अशी ही लक्षणे असतात. चालताना चढउतार नियमित व मध्यम असतात, धावताना ते जलद व मोठे होतात, बसल्यावर जवळजवळ नाहीसे होतात. वाहनातून जाताना पावलांचा ताल नसतो, तर यंत्राची बारीक थरथर आणि रस्त्यावरील हिसके जाणवतात. गुरुत्वाकर्षणाचा भाग संथ बदलणारा असल्याने तो गणिताने वेगळा काढता येतो व उरलेला भाग शरीराच्या हालचालीचा मानता येतो.

तिसरी पायरी म्हणजे शिक्षण. अनेक माणसांना ठरावीक कृती करावयास सांगून त्यांच्या नोंदी गोळा केल्या जातात व प्रत्येक तुकड्यावर त्या कृतीचे नाव लिहिले जाते. अशी नाव लिहिलेली हजारो उदाहरणे संगणकास दिली, की कोणत्या लक्षणांना कोणते नाव लावावयाचे याचा नियम तो स्वतः बसवितो. त्यानंतर नवा, नाव नसलेला तुकडा समोर आला असता तो अंदाजाने नाव सांगतो. वैद्य जसा अनेक रोग्यांच्या नाड्या पाहून नाडीपरीक्षेत तरबेज होतो, तसाच हा प्रकार आहे. ज्या प्रकृतीची माणसे वैद्याने कधी पाहिलीच नाहीत, त्यांच्याबाबतीत तो चुकण्याचा संभव अधिक, हेही ओघाने आलेच.

दोन प्रसिद्ध प्रयोग

या क्षेत्रातील दोन प्रयोगांचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे, कारण त्यांत गोळा झालेल्या नोंदी जगभरातील अभ्यासकांनी वापरल्या. अमेरिकेतील न्यूयॉर्क येथील फोर्डहॅम विद्यापीठात जेनिफर क्वापिझ, गॅरी वाइस व सॅम्युएल मूर यांनी केलेला अभ्यास २०१० च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यांनी २९ व्यक्तींना विजारीच्या पुढील खिशात फोन ठेवून चालणे, मंद धावणे, जिना चढणे, जिना उतरणे, बसणे व उभे राहणे या सहा कृती करावयास सांगितल्या. सेकंदाला २० नोंदी घेऊन १० सेकंदांचे तुकडे पाडण्यात आले. चालणे व धावणे या कृती उत्तम रीतीने ओळखल्या गेल्या. जिना चढणे व उतरणे यांत मात्र गोंधळ झाला.

दुसरा प्रयोग इटलीतील जिनोव्हा विद्यापीठात दाविदे आंग्विता व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पेनमधील अभ्यासकांच्या सहकार्याने केला. त्याच्या नोंदी २०१२ च्या सुमारास सर्वांसाठी खुल्या करण्यात आल्या. १९ ते ४८ वर्षे वयाच्या ३० स्वयंसेवकांच्या कमरेला सॅमसंग गॅलेक्सी एस-२ हा फोन बांधण्यात आला. चालणे, जिना चढणे, जिना उतरणे, बसणे, उभे राहणे व आडवे पडणे या सहा कृतींचे चित्रीकरण करून त्या आधारे प्रत्येक तुकड्यावर नाव लिहिण्यात आले. वर सांगितलेला २.५६ सेकंदांचा हिशेब याच प्रयोगातील आहे. प्रत्येक तुकड्यातून ५६१ लक्षणे काढण्यात आली. ३० पैकी २१ व्यक्तींच्या नोंदींवरून संगणकास शिकविण्यात आले आणि उरलेल्या ९ व्यक्तींवर त्याची परीक्षा घेण्यात आली. ही पद्धत महत्त्वाची आहे. ज्यांच्याकडून शिकले त्यांच्यावरच परीक्षा दिली तर गुण भरपूर मिळतात. अनोळखी माणसाच्या बाबतीत ज्ञान टिकते काय, हीच खरी कसोटी होय. या कसोटीत सुमारे ९६ टक्के तुकड्यांची नावे अचूक निघाली.

चुका कोठे होतात?

उरलेल्या चुका बोधप्रद आहेत. कमरेला फोन बांधलेला असता बसणे आणि उभे राहणे यांत गोंधळ होतो. माणूस बसला काय अन् उभा राहिला काय, कंबर सरळच असते आणि दोन्ही स्थितींत हालचाल नसते. फोन विजारीच्या खिशात असेल तर मांडी आडवी होते की उभी राहते यावरून हा भेद सहज कळतो. म्हणजे फोन कोठे ठेवला आहे यावर ओळखीचे यश फार अवलंबून असते. तोच फोन हातातील पिशवीत अथवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवला, तर लक्षणे पार बदलून जातात.

यावरून एक मूलभूत गोष्ट स्पष्ट होते. फोन माणसाची कृती पाहत नाही. तो स्वतःची हालचाल मोजतो व त्यावरून माणसाच्या कृतीचे अनुमान करतो. फोन आणि शरीर यांचा संबंध तुटला, की अनुमानाचा पाया सुटतो.

रस्त्याची ओळख : बंगळुरू व पवई

आपल्या देशात या संवेदकांचा अभ्यास रस्त्यांच्या प्रश्नाशी लवकरच जोडला गेला. बंगळुरू येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात प्रशांत मोहन, वेंकट पद्मनाभन व रामचंद्रन रामजी यांनी २००८ मध्ये ‘नेरीसेल’ ही पद्धत मांडली. वाहनातील फोनच्या त्वरणमापकावरून खड्डे, गतिरोधक व ब्रेक लावणे ओळखावयाचे आणि फोनच्या ध्वनिग्राहकावरून भोंग्यांचा आवाज टिपावयाचा, अशी ही योजना होती. एका अडचणीचा त्यांनी मुद्दाम विचार केला. रस्त्यावरून फोन अगदी संथ गतीने सरकत आहे असे दिसले, तर तो कोंडीत अडकलेल्या वाहनात आहे की पादचाऱ्याच्या खिशात? वेगावरून हे सांगता येत नाही. त्वरणमापकातील पावलांचा ताल आणि ब्रेकचे धक्के यांवरून मात्र ते सांगता येते.

महाराष्ट्रात पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत रवी भोरासकर, नागमनोज वांकधारा, भास्करन रामन व पुरुषोत्तम कुलकर्णी यांनी २०१२ मध्ये ‘वुल्व्हरिन’ या नावाने याच दिशेने पुढचे काम प्रसिद्ध केले. खिशातील किंवा वाहनातील फोन कोणत्याही कोनात पडलेला असू शकतो. त्याचे ‘पुढे’ म्हणजे वाहनाचे ‘पुढे’ असेलच असे नाही. हा कोन जुळवून घेण्यासाठी त्यांनी त्वरणमापकाच्या जोडीला चुंबकत्वमापकाचा उपयोग केला. फोनची विद्युतशक्ती कमी खर्च व्हावी, हाही त्यात हेतू होता. त्यानंतर शिकविलेल्या संगणकाकडून खडबडीत रस्ता व ब्रेकचे प्रसंग ओळखून घेण्यात आले.

वडखळच्या दृष्टीने या कामाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. गणेशोत्सवाच्या दिवसांत मुंबईहून कोकणात जाणाऱ्या वाहनांची या मार्गावर किती गर्दी होते, हे प्रवाशांना अनुभवाने ठाऊक आहे. अशा वेळी नाक्यावर पायी चालणाऱ्या शेकडो लोकांच्या फोनमुळे वाहतूक संथ आहे असा चुकीचा निष्कर्ष निघू नये, यासाठीही कृतींची ही ओळख उपयोगी पडते. २०१३ पासून अँड्रॉइड प्रणालीच्या फोनमध्ये वाहनात, सायकलवर, पायी आणि स्थिर अशा कृती ओळखण्याची सोय गूगल कंपनीने उपलब्ध करून दिली. त्यात ‘अज्ञात’ असाही एक वर्ग ठेवण्यात आला, ही विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. न कळणाऱ्या गोष्टीस भलतेच नाव देण्यापेक्षा ती कळत नाही असे नोंदविणे केव्हाही श्रेयस्कर होय.

लावणीचे काय?

आता पुन्हा वडखळच्या शेताकडे वळू. आषाढ-श्रावणात खारजमिनीत भाताची लावणी चालू असते. गुडघाभर चिखलात कमरेतून वाकून स्त्रिया मागे मागे सरकत रोपे लावीत जातात. हे काम तासन्‌तास चालते. शारीरिक श्रमाच्या कोणत्याही मापाने पाहिले तरी ते हलके काम नव्हे. परंतु मोबाइलच्या दृष्टीने या श्रमाची नोंद काय होते?

बहुतेक वेळा ती होतच नाही. लुगड्याला अथवा साडीला खिसा नसतो. वरून पाऊस व खाली चिखल असताना फोन अंगावर बाळगणे सोयीचे नसते. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बांधावर ठेवला जातो किंवा घरीच राहतो. दिवसभर राबणाऱ्या स्त्रीच्या फोनवर त्या दिवशी ‘स्थिर’ अशीच नोंद होते. तिने फोन कमरेला बांधला तरी प्रश्न सुटत नाही. वाकलेली कंबर, संथ मागे सरकणे आणि हातांची जलद हालचाल या साऱ्याचा मेळ वर सांगितलेल्या सहा कृतींपैकी कोणत्याही कृतीशी बसत नाही. न्यूयॉर्क आणि जिनोव्हा येथील त्या प्रयोगांत लावणी नव्हती, कापणी नव्हती, डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालणे नव्हते आणि मिठागरात मीठ ओढणेही नव्हते. त्यांत जिना होता, कारण तो तेथील दैनंदिन जीवनाचा भाग आहे.

पेणच्या गणपती कारखान्यातील कारागिराची स्थिती याच्या उलट, पण तितकीच उद्‌बोधक आहे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर तासन्‌तास एका बैठकीत असतो. त्याच्या खिशातील फोन त्यास ‘बसलेला’ म्हणतो आणि ते खरेही आहे. मात्र विश्रांती घेत बसलेला माणूस आणि मान, खांदा व मनगट एकाग्रतेने ताणून बसलेला माणूस यांतील अंतर खिशातील फोनला कळत नाही. खडबडीत रस्त्यावरून दुचाकीने अथवा एस.टी.ने प्रवास करणाऱ्याच्या नावावर मात्र धक्क्यांमुळे न टाकलेली पावले कधीकधी जमा होतात.

ही केवळ गमतीची बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. कामधंदा, प्रवास व घरकाम यांतील हालचालही यात धरली जाते. लावणी करणारी स्त्री हे प्रमाण काही दिवसांतच ओलांडते. परंतु हालचालीचे मोजमाप फोनवरील पावलांच्या आकड्यावर सोपविले, तर सायंकाळी मोकळ्या मैदानावर फेरफटका मारणारा सुखवस्तू नागरिक ‘सक्रिय’ आणि ती ‘निष्क्रिय’ ठरेल. दिवसाला १०,००० पावलांचे जे लक्ष्य आज सर्वत्र सांगितले जाते, त्याचे मूळही १९६५ मध्ये जपानात विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावात आहे. ‘मानपो-केई’ म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. तो आकडा सोयीचा व लक्षात राहणारा होता, श्रमाचे सर्वमान्य माप म्हणून तो काढलेला नव्हता. उद्या एखादी आरोग्य योजना अथवा विम्याचा हप्ता अशा नोंदींवर आधारण्याचा विचार कोणी केला, तर ज्यांचे श्रम यंत्राला ओळखताच येत नाहीत, त्यांच्यावर अन्याय होण्याचा धोका आहे.

शिकविणे शक्य आहे

सुदैवाने हा दोष यंत्राच्या रचनेतील नाही, त्यास दिलेल्या शिक्षणातील आहे आणि म्हणून तो दूर करता येण्याजोगा आहे. वर पाहिल्याप्रमाणे ३० व्यक्तींच्या नोंदी ही या शास्त्रातील एका गाजलेल्या प्रयोगाची सारी सामग्री होती. एवढे काम एखाद्या महाविद्यालयास अथवा विद्यापीठास अशक्य नाही. रायगड जिल्ह्यातच लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. कोकणच्या शेतीचा अभ्यास करणारे कृषी विद्यापीठ दापोलीस आहे व त्याचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेल येथे कार्यरत आहे. तंत्रज्ञ व शेतीचे जाणकार यांनी हातात हात घालून काम केल्यास लावणी, कापणी, झोडणी, भारा वाहणे, मिठागरातील काम अशा कृतींचा नोंदसंग्रह तयार होऊ शकेल.

अशा संग्रहासाठी काही पथ्ये पाळावी लागतील. फोन प्रत्यक्ष जेथे ठेवला जातो तेथेच तो ठेवून नोंदी घ्याव्या लागतील. कामास अडथळा होणार नाही असा पाण्यापासून सुरक्षित कमरपट्टा वापरून नोंदींचा दुसरा संच घेता येईल. शेजारी एका व्यक्तीने घड्याळ लावून कोणते काम कोणत्या मिनिटाला सुरू झाले व थांबले, हे टिपावे लागेल. तरुण व वृद्ध, स्त्रिया व पुरुष, सवयीचे व नवखे अशा सर्वांचा त्यात समावेश असावा लागेल. शिक्षणासाठी एका गावच्या व्यक्ती घेतल्या, तर परीक्षा दुसऱ्या गावच्या व्यक्तींवर घ्यावी लागेल. आणि जेथे फोन अंगावरच नाही, तेथे त्या वेळेची नोंद ‘निष्क्रिय’ अशी न करता ‘नोंद नाही’ अशीच करावी लागेल. हा शेवटचा नियम सर्वांत सोपा व बिनखर्चाचा आहे आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचाही आहे.

या ज्ञानाचे उपयोग अनेक आहेत. घरात एकटे राहणारे वृद्ध गृहस्थ पडले, तर क्षणभर आधार सुटणे, मग मोठा धक्का आणि त्यानंतर दीर्घ निश्चलता, अशा क्रमावरून ते ओळखून नातेवाइकांना निरोप पाठविणे शक्य होते. कोकणातील ज्या घरांतील तरुण माणसे नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास असतात, त्या घरांना याचे मोल अधिक वाटेल. अर्थात फोन हातातून पडणे आणि माणूस पडणे यांतील भेद करणे कठीण असते. म्हणून निरोप पाठविण्यापूर्वी फोनने आधी त्या व्यक्तीसच विचारावे व उत्तर न आल्यास पुढे कळवावे, अशी व्यवस्था करता येते. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण हळूहळू किती चालू लागला, किंवा वाकून करावयाच्या कामाचे तास किती झाले, हे डॉक्टरांना समजल्यास पाठीच्या व गुडघ्यांच्या विकारांवर वेळीच सल्ला देता येईल.

संमतीचा प्रश्न

हालचालीची नोंद ही खासगी बाब आहे, हे विसरून चालणार नाही. माणूस केव्हा झोपतो, केव्हा उठतो, कामावर किती वेळ बसून असतो, हे सारे या आकड्यांतून उलगडते. माणसाच्या चालण्याच्या ढबीवरून ती व्यक्ती कोण, हेदेखील काही प्रमाणात ओळखता येते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत केला. माहिती घेण्यास दिलेली संमती ही स्वेच्छेची, विशिष्ट हेतूपुरती आणि समजून-उमजून दिलेली असावी, हे त्यातील प्रमुख तत्त्व होय. संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतही वाचता यावी, अशी त्यात तरतूद आहे. मराठी ही त्यांपैकी एक आहे. अँड्रॉइडच्या २०१९ च्या आवृत्तीपासून शारीरिक हालचालींची ही ओळख वापरू इच्छिणाऱ्या ॲपला धन्याची परवानगी मागावी लागते. ही परवानगी द्यावयाची की नाही, दिलेली परत घ्यावयाची की नाही, याचा निर्णय फोनच्या धन्याचा आहे. पडद्यावर येणाऱ्या प्रश्नाला घाईने होकार देण्यापूर्वी तो वाचून पाहावा व न समजल्यास घरातील जाणत्या मुलामुलींना विचारावा, एवढी दक्षता कोणासही घेता येईल.

वडखळच्या नाक्यावर सायंकाळी पुन्हा गर्दी होते. पाळी संपवून कामगार परततात, शेतावरून आलेल्या स्त्रिया चिखल धुऊन घराची वाट धरतात. शेतापासून घरापर्यंतची ही वाट त्यांच्या फोनवर पावलांच्या रूपाने नोंदली जाते. त्याआधीचे बांधाखालचे सात-आठ तास मात्र कोरे राहतात. हे कोरे तास कसे वाचावयाचे, हे आज यंत्राला ठाऊक नाही. ते त्याला शिकविण्याचे ज्ञान उपलब्ध आहे, साधने स्वस्त झाली आहेत आणि ते शिकवू शकतील अशा संस्थाही याच भूमीत आहेत. तोपर्यंत फोनवरील आकडा वाचणाऱ्या प्रत्येक डॉक्टराने, अधिकाऱ्याने आणि नागरिकाने एवढे स्मरणात ठेवावे, की कोरी नोंद म्हणजे विश्रांती नव्हे.